नवरीनं मान उजवीकडं वळवावी

।। श्री ।।
परतूर,
ता. १२ एप्रिल १९८७

ती. जयवंताअक्कास,
रायभानचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायला कारण की, १४ मेला राजूरला होणाऱ्या माझ्या लग्नाचे फोटो मीच काढणार, हे नक्की केलंय. हसू नको. सात वर्षं झाली स्टुडिओ टाकून, दोन-अडीचशे लग्नं काढली, आन् माझ्याच लग्नात त्या समोरच्या दुकानातल्या रामकिसननं कॅमेरा घेऊन मिरवावं? त्याला माणसाचं डोकं आन् मांडवाची झालर यातला फरक कळत न्हाई. मागच्या लग्नसराईत एका घरी हनुवटीपासून खालचाच नवरदेव अल्बमात राह्यला.

माझ्या कॅमेऱ्याला आपोआप दबणारी कळ आहे. कॅमेरा तिपाईवर ठेवायचा, कळ दाबायची, दहा सेकंदांत पळत जाऊन नवरीशेजारी बसायचं. सध्या दुकानात पोत्याला नवरी करून सराव करून राह्यलो. आठ सेकंदांत बराबर बसतो. फोटो काळे-पांढरे काढणार, म्हंजे धुवायचं काम घरच्या घरी. रंगीत रोल औरंगाबादला पाठवावा लागतो, तिथं भरवसा न्हाई.

एक काम कर. तुझं राजूरला जाणं होतंच. बेबीनंदाला सांग, तू नवरी, फोटोच्या टायमाला नवरीनं मान जरा उजवीकडं वळवून बसायचं. तेवढंच. बाकी मी बघतो.

दाजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ लग्नापर्यंत तरी टिकव.
तुझा,
रायभान


।। श्री ।।
केदारखेडा,
ता. १९ एप्रिल १९८७

चि. रायभान यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद, त्यात थोडी अक्कलही घातली आहे.

तुझं पत्र तुझ्या दाजींनी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, म्हणून अर्ध्या केदारखेड्याला ठाऊक झालं. चार बायका येऊन विचारून गेल्या की नवरी केलेलं पोतं ज्वारीचं का सरकीचं.

अरे, जरा डोळ्यापुढं आण. कपाळाला मुंडावळ्या, अंगाला हळद, आन् तुझं उपरणं नवरीच्या पदराला गाठ मारून बांधलेलं. तू कळ दाबायला उठला की तिलाही उठावं लागणार. मंग दोघं पळत जाणार, दोघं पळत येणार, आन् भटजी मंत्र सोडून सेकंद मोजणार. दाजी म्हणाले, मेव्हण्याला कॅमेरा सोडवत नसंल तर नवरदेव म्हणून रामकिसनलाच बसवा.

आन् काळे-पांढरे कशापायी? लोकांच्या पोरींना तूच सांगतो की रंगीतशिवाय लग्न लग्न वाटत न्हाई. तुझ्या नवरीचा शालू तेवढा राखेच्या रंगाचा? इथं काहीतरी पाणी मुरतंय.

चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेल्ते, तव्हा तुझा निरोप बेबीनंदाला जसाच्या तसा सांगितला. काळ्या-पांढऱ्याचंही सांगितलं. पोर हसली न्हाई. दुसऱ्या दिवशी तिनं तुझ्यासाठी पत्र लिहून माझ्याकडं पाठवलं, ते सोबत घातलंय. मी वाचलं न्हाई. थोडंच वाचलं. तू दार लावून वाच.

तुझ्यावरची माया आहे तेवढीच आहे, वाढवायचं की न्हाई ते मंग बघू.
तुझी,
अक्का


।। श्री ।।
राजूर,
ता. १८ एप्रिल १९८७

श्री. रायभान यांना,
स. न. वि. वि.

लग्नाआधी मुलीनं असं पत्र लिहू नये, हे माझ्या बालवाडीतल्या पोरांनाही कळतं. तरी लिहिते.

दोन वर्षांपूर्वी स्थळांना दाखवायचा फोटो काढायला अण्णांनी मला तुमच्या स्टुडिओत आणलं. मी सहा वर्षांची असताना हुरड्याच्या आगटीतला निखारा उडून माझा उजवा गाल भाजला होता. तो डाग तुम्ही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून काढून टाकलात, कोणाला न विचारता. तो फोटो बघून दोन गावचे पाहुणे आले. पहिल्यांनी मला बघितलं, फोटो बघितला आणि अण्णांना विचारलं की ही थोरली असेल, फोटोतली धाकटी कुठं आहे. दुसऱ्यांनी तर पोहेही खाल्ले नाहीत. अण्णा तुमच्याशी भांडायला परतूरला आले, मग तुम्ही माफी मागायला आमच्या दारी आलात आणि पुढं मागणी घातलीत. मी हो म्हणाले ते एवढ्यासाठीच, की या माणसाला डाग कुठं आहे, केवढा आहे, हे सगळ्यांपेक्षा नीट माहीत आहे, आणि तरी तो आलाय.

आता काळे-पांढरे फोटो, धुणार घरीच, आणि मान उजवीकडं. म्हणजे उरलं ते पुसायला पुन्हा पेन्सिल, रंगीतवर ती चालत नसेल.

एक तुमच्या लक्षात आलं नाही. लग्न लागल्यावर बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला बसते. मान उजवीकडं वळवली तर हा गाल गावाला दिसणार नाही, पण तुमच्याच तोंडासमोर येईल. तिथं रोज कोणती पेन्सिल फिरवणार? गावापासून लपवायचा आणि घरात सोसायचा, असा गाल घेऊन मला तुमच्या घरी यायचं नाही. रामकिसनभाऊंनी समोरून रंगीत फोटो काढायचे आणि तुम्ही नुसतं शेजारी बसायचं, हे कबूल असेल तर अक्कांना कळवा. नसेल तर तो जुना फोटोच पाटावर बसवा. त्याला डाग नाही आणि तो पत्रंही लिहीत नाही. अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट बघेन, मग अण्णांना लग्न मोडायला सांगेन.

लोभ असावा की नसावा, ते तुमच्या उत्तरावर.
बेबीनंदा


।। श्री ।।
परतूर,
ता. २४ एप्रिल १९८७

ती. अक्कास शि. सा. न.

पत्र वाचलं. तू थोडंच वाचलं असशील यावर माझा बिलकुल विश्वास न्हाई, म्हणून सगळं पुन्हा लिहीत बसत न्हाई.

आधी लई राग आल्ता. हे तिच्या भल्यासाठीच करून राह्यलो, असं स्वतःला सांगून बघितलं. पटलं न्हाई. खरं लिहितो. अल्बम दुकानात गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवणार होतो. फोटोवाल्याचीच बायको अशी कशी, असं कोणी म्हणंल याची मला लाज वाटली. आता त्या लाजेची लाज वाटते. तिला हे लिहायला हात धजत न्हाई, तू सांगशीलच.

काल रामकिसनकडं गेलो. त्यानं स्टुलावर बसवून चहा पाजला, मंग शेजारच्या शिंप्याला हाक मारली आन् त्याच्यासमोर मला पुन्हा एकदा विचारायला लावलं. मी विचारलं. लग्नाचे फोटो तोच काढणार, समोरून, रंगीत. तिला म्हणावं, मी शेजारी बसतो, बसू दिलं तर. जल्दी राजूरला जा.

लोभाचं काय मागू, आधी एवढं कर.
रायभान


।। श्री ।।
केदारखेडा,
ता. ७ जून १९८७

चि. रायभान यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला अल्बम पोचला. रामकिसननं डोकी कापायचं काम इमानदारीनं केलंय. तुझे दाजी तीन फोटोंत आहेत, तिन्हींत गळ्यापर्यंत. सदऱ्यावरून स्वतःला ओळखतात आन् खुश होतात. बेबीनंदा मात्र पुरी आली. शालू हिरवा, डाग तांबूस, नजर सरळ समोर. शेजारच्या गोजरबाईनं फोटोवर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे. मी म्हणाले, गाल आहे. तिनं गुमान पान उलटलं.

बिघडलंय ते तुझंच. छत्तीस फोटो आन् एकातही तुझं तोंड समोर न्हाई. लग्न लागल्यापासून पंगत उठेपर्यंत नुसता डावीकडं बघून राह्यला. रामकिसन ओरडून ओरडून घसा बसवून घेत होता, सगळ्या मांडवानं ऐकलं, तू तेवढं ऐकलं न्हाई. गोजरबाईनं जाता जाता विचारलंच, नवरदेवाची मान आखडल्ती का. मी हो म्हणाले.

ती जन्मभर तशीच आखडलेली राहो, हा माझा आशीर्वाद.
तुझी,
अक्का