तीन नंबरचा खोडा

प्रिय टीचभर,

विभागप्रमुखांच्या खोलीत तू तो केस-पेपर एका बोटाने माझ्या बाजूला सरकवलास आणि म्हणालीस, "सर, तपासलं यानं, मी नुसतं लिहिलं," त्या क्षणी माझं सगळं फिरलं. दोन वर्षं होत आली. या दोन वर्षांत त्या बोटाशी मी किती भांडलो असेन! गाईंना चारा टाकताना, शेण ओढताना, दाढी करताना. गेल्या आठवड्यात आरशासमोर तुला असं काही सुनावत होतो की हनुवटीच कापून घेतली. आज तुझं शेवटचं प्रॅक्टिकल आहे, आज पास झालीस की तू जनावरांची डॉक्टर. हे मला कसं कळलं ते सांगतोच. आधी बोलू दे. त्या खोलीत मी नुसता ओरडलो होतो, बोललो नव्हतो.

टीचभर म्हटलं की तू चिडायचीस, पण नाव काही मी उगाच ठेवलं नव्हतं. गाभण तपासायचा आपला पहिला तास आठव. लांब हातमोजा घालून खांद्यापर्यंत हात आत, गाल गाईच्या पुठ्ठ्यावर चेपलेला, आणि तरी तुझी बोटं टीचभर कमी पडत होती. सर म्हणाले, "बाई, हात काही लांब करून मिळत नाही, गाय जरा आखूड मागवू का?" सगळा वर्ग हसला, तूही हसलीस. नंतर गोठ्यामागच्या नळावर हात धुता धुता रडलीस. मी साबण घेऊन मागे उभा होतो. माझं जे काही झालं ते त्या नळावर झालं. अंगाला शेणाचा वास येत असताना माणूस इतका खुळा होऊ शकतो हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं.

मग आपली ती युक्ती. आधी मी हात घालायचा, नंतर तू, आणि मी समोर गाईच्या तोंडाशी उभा. भुवया उंचावल्या की गाभण, नाक खाजवलं की रिकामी. सर तुझी पाठ थोपटायचे, म्हणायचे, हात लहान असला म्हणून काय झालं, डोकं बघा हिचं! आणि ते डोकं नाक खाजवत समोर उभं असायचं. मला त्याचा केवढा अभिमान! तू गाईच्या पोटात काय आहे ते शिकत नव्हतीस, माझ्या तोंडावर काय आहे ते शिकत होतीस. मला तेच हवं होतं, हेही लिहून टाकतो.

आता त्या दिवसाचं. ती बाई एकुलती एक गाय घेऊन चालत आली होती. गाय माजावर येत नाही म्हणाली. आपल्याकडचा नियम तुला माहीत होता, मलाही होता. माजावर आणायचं इंजेक्शन द्यायचं तर आधी दोघांनी हात घालून बघायचं आणि दोघांनी सही करायची. कारण गाय रिकामी असली तर ते औषध, आणि गाभण असली तर त्याच सुईनं गाभ पडतो. त्या दिवशी मी रुसलो होतो. आदल्या संध्याकाळी तू त्या चष्मिष्ट सीनियरबरोबर चहाला गेली होतीस. कपभर चहा! पण माझं डोकं म्हणजे तुला ठाऊकच आहे, दुधासारखं, नजर हलली की उतू गेलं. मी नळाशीच बसून राहिलो. तू पेपर घेऊन आलीस. "रिकामी आहे. कर ना सही, सर थांबलेत." तुझ्या त्या 'ना'पुढे माझं कधी काही चाललंय? सही केली. माझा हातमोजा पाकिटातच होता.

चौथ्या दिवशी ती बाई बादली घेऊन आली. बादलीवर फडकं होतं. फडक्याखाली जे होतं ते तळहातावर मावलं असतं, पण त्याला खूर फुटायला लागले होते. ती शिव्या देईल म्हणून आपण मान खाली घालून उभे. तिनं शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "पोरांनो, तुम्ही दोघांनी बघितलं होतं ना?" तू माझ्याकडे बघितलंस. उत्तरासाठी नेहमी बघायचीस तशीच. मी फडकं परत बादलीवर ओढलं.

आणि दुसऱ्या दिवशी ते बोट. 'आम्ही दोघंही चुकलो' एवढे तीन शब्द तू बोलली असतीस, तर मीच पुढे होऊन सगळं अंगावर घेतलं असतं, आईशप्पथ. तुला ते करायचीही गरज वाटली नाही. मी खुर्ची उलथवली, सरांना नको ते बोललो आणि संध्याकाळच्या आत वसतिगृहाची खोली रिकामी केली. शिक्षा फक्त सहा महिने कॉलेजबाहेर राहायची होती, हे मला घरी गेल्यावर कळलं. पण परत जाऊन तोंड दाखवायचं कोणाला? आणि कोणतं? बाबांनी जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांच्या सुया उकळल्या. मुलगा डॉक्टर होणार म्हणून त्यांनी पाटीसुद्धा मनात रंगवून ठेवली होती. ते रागावले नाहीत. म्हणाले, "दुसऱ्याचा ताप बघायला निघालास, थर्मामीटर आधी स्वतःला लावायचा होता."

महिन्याभरानं तू माझी वही पाठवलीस, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी एकेक पान झटकून बघितलं. एक चिठ्ठी, एक ओळ, निदान एखादी शिवी? काही नव्हतं. शेवटच्या पानावर माझ्याच हातची गर्भाशयाची आकृती. तेव्हापासून तुझा राग मी नीट जपलाय, उतरू दिला नाही. कधी कधी सकाळी उठल्यावर तो नसतो, तेव्हा आठवून आठवून परत आणतो.

आता मी इथल्या मोठ्या गोठ्यावर काम करतो. दोनशे गाई. मॅनेजर मला हाक मारतात, "ओ अर्धे डॉक्टर, निदान अर्ध्या गाई तरी धुवा!" हसतात सगळे. पण गोठ्याचे डॉक्टर चांगले आहेत, येतील तेव्हा मला हात घालायला लावतात. माझा हात अजून खोटं बोलत नाही. आणि आज तुमच्या परीक्षेला गाई इथूनच येणार आहेत. कुठली गाय तपासणीच्या कुठल्या खोड्यात अडकवून उभी करायची, ती यादी भरायला मॅनेजरांनी काल माझ्याच हातात दिली. तीन नंबरच्या खोड्यापुढे तुझा रोल नंबर. तो मी ओळखणार नाही? तुझ्या वह्यांना कव्हरं घालून त्यावर तो कोण लिहायचं?

बाहेरच्या परीक्षकांनी एक चकवणारी गाय मागितली आहे. आमच्याकडे एक काळी आहे. तिच्या गर्भपिशवीत पू झालाय. हात घातला की पिशवी फुगलेली लागते, जड, अगदी तीन महिन्यांची गाभण वाटावी अशी. सावकाश, दोन-दोनदा चाचपलं तरच लक्षात येतं की आत वासरू नाही. तू एकदा गाभण गाईला रिकामी म्हणून पोळली आहेस. फुगलेली पिशवी बोटाला लागली की तू घाबरून गाभण म्हणणार आणि हात बाहेर काढणार. आणि समजा चुकली नाहीस, तर परीक्षक विचारतील, मग इलाज काय? इलाज तेच इंजेक्शन आहे. त्याचं नाव तुझ्या तोंडून निघतं का, ते मला जवळून ऐकायचंय. काळी तीन नंबरला लागली आहे. यादी मी लिहिली, शाईनं.

हे पत्र कॉलेजच्या वॉचमनकाकांकडे देऊन ठेवणार आहे, तुझा नंबर होऊन गेल्यावरच तुला द्यायचं असं बजावून. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं असेल. मग लिहिलंच कशाला? कारण मी तिथं काळीचा कासरा धरून उभा असेन आणि माझी नजर पूर्णवेळ गाईवर असेल. तुला वाटेल यानं ओळखलं नाही, किंवा तीन नंबरला ती गाय आली हे आपलं नशीब. नशीब नव्हे, ती मी निवडली. तू सरांसमोर जे केलंस ते माझ्या तोंडावर केलंस, एवढं तरी तुझ्या बाजूनं म्हणता येतं. मीही पाठीमागून वार करून पळणार नाही. नापास झालीस तर कोणामुळे ते तुला माहीत असावं. पास झालीस तर मला वाईट वाटेल, असं लिहायला घेतलं होतं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. गाडीचा हॉर्न वाजतोय. बाकीच्या गाई चढल्या आहेत, काळी माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. पाकीट चिकटवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझाच, दुर्दैवानं.