ओठावरचं पान

शुक्रवार, संध्याकाळ. अल अझीझिया.

आज युगांडाच्या सहलीचे फोटो टीव्हीवर लावले. पहिले सगळे काळेकुट्ट! इथल्या वाळवंटात उंट टिपायची सवय. कॅमेऱ्याचं सेटिंग तेच राहिलं आणि जंगलात तर भरदुपारी अंधार. अरुण हसलाच. "सांगितलं होतं ना, तू आपले उंटच काढ." नवरा आहे, ऐकून घेतलं.

मग सेटिंग बदलून काढलेला तो एकच फोटो आला. गोरिला समोर बसलेला, ओठावर हिरवं पान, नजर थेट माझ्यावर. घाईघाईत बटण दाबलं होतं मी, मग पानाची शीर न् शीर कशी आली?

अरुण उठला. हॉलमधला स्वतः काढलेला ससाण्याचा फोटो त्याने खिळ्यावरून उतरवला. "खलास. इथे हाच लागणार."

ते पान!

ससाण्याच्या फोटोला बक्षीस मिळालेलं होतं, बरं का. आता तो कपाटामागे आहे.