करपवलेल्या सालीचा रस्सा

९ मार्च, मंगळवार

आज बी-श्याच्या हातचं जेवलो.

बी-श्याला जाऊन दोन वर्षं होऊन गेली. तरी असंच लिहितो, दुसरं कसं लिहू?

झालं असं. पाऊस होता (आमच्या कीलुंग बंदरात कधी नसतो!). देवळाच्या पायऱ्यांखाली छत्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं, तिथे नवी खाणावळ निघालीय. सगळीकडे असते तशीच. ओळीने मांडलेल्या परातींतून आपलं आपण घ्यायचं, टोकाला बसलेली बाई ताटावर एक नजर टाकून किती झाले ते सांगते, कोपऱ्यातल्या पिंपातलं सूप फुकट. बंदरावरचे हमाल, टॅक्सीवाले, दोन नर्सबाया. मी भात, कोबी, खारवलेल्या मुळ्याचं आमलेट आणि मांसाचा काळा रस्सा घेतला. पहिला घास तोंडात गेला आणि मी उठून उभाच राहिलो. शेजारचा म्हणाला, "काका, ठसका लागला का?"

करपवलेली साल! संत्र्याची साल चिमट्यात धरून जाळावर काळी करायची आणि तशीच रश्श्यात सोडायची. उभ्या आयुष्यात एकाच बाईला, माझ्या बायकोला, हे करताना पाहिलंय. मी म्हणायचो, "एक दिवस घर पेटवशील." ती म्हणायची, "मग तुम्हाला जेवण तरी गरम मिळेल."

भात तसाच राहिला. पायऱ्या चढून घरी आलो.

१० मार्च, बुधवार

पुन्हा गेलो. तीच चव. भास नव्हता.

१९ मार्च, शुक्रवार

रोज जातो. गल्ल्यावरच्या बाईचं नाव ली-चिंग. चाळिशीची, जाडजूड, तोंडाची फटकळ. हमालांना म्हणते, "नुसतं मांस घेतलंस, पाला कोण खाणार, तुझी सासू?" भट्टी मागे, पडद्याआड. स्वयंपाक करणारी दिसत नाही. कढईचा आवाज येतो आणि कधीतरी एक सुरकुतलेला हात भरलेली परात पुढे सरकवतो.

आज डबा बांधून मागितला. घरी, आमच्या टेबलावर खाऊन बघावं म्हटलं. तोंडातून निघालं, "दोन दे."

"दोन? घरी कोण आहे?"

"बायको. बरं नसतं तिला. पायऱ्या उतरवत नाहीत."

हे कोण बोललं? मीच! जिभेला हाड नाही म्हणतात ते खरं. ली-चिंगने लगेच एक अंडं जास्तीचं टाकलं. "वहिनींना सांगा, लवकर बऱ्या व्हा."

घरी येऊन दोन्ही डबे उघडले. एक माझ्यासमोर, एक तिच्या जागेवर. वाफ येत होती. तिच्या बाजूने वाफ येताना पाहून किती बरं वाटलं, ते कुणाला सांगणार?

तिचा डबा सकाळी मीच खाल्ला. गार.

५ एप्रिल, सोमवार

पितरांचा दिवस. लेक आली होती शिंचूहून. पेइ-रोंग आता दिसायला आईसारखी होत चाललीय, त्रास होतो. दोघं डोंगरावर गेलो, बी-श्याच्या अस्थी ठेवल्यात तिथे. फोटोवरची धूळ पुसली. उदबत्त्या लावल्या. पेइ-रोंग म्हणाली, "आईशी काहीतरी बोला ना, बाबा." मी म्हटलं, "काल जेवताना बोललो." ती माझ्याकडे बघतच राहिली.

तिला गाडीत बसवून तडक खाणावळीत.

"काका, थडगी साफ करून आलात?" ली-चिंग.

"हो. आईवडिलांची."

"वहिनींना नाही ना चढवलंत डोंगर?"

"छे. ती घरीच."

हाताला अजून उदबत्तीचा वास होता! ली-चिंग पडद्याकडे मान करून म्हणाली, "आतून विचारलंय, वहिनींना काय आवडतं?"

"वांगं. लसूण कमी."

६ एप्रिल, मंगळवार

वांगं होतं. लसूण कमी.

४ मे, मंगळवार

आता सवयच झालीय. मी निरोप नेतो, निरोप आणतो. "मीठ किंचित जास्त झालं म्हणाली." "कोवळे कोंब आवडले तिला." खोटं बोलताना तिचा आवाजसुद्धा कानात येतो, आधी ती बोलते आणि मग मी सांगतो, असं. वेड लागतंय का मला? लागत असेल तर लागू दे. दोन वर्षं शहाण्यासारखा राहिलो, काय मिळालं?

आज मात्र पकडला जाणार होतो. च्यू आला जेवायला. तो आणि मी बंदरावर एकाच क्रेनवर पाळ्या केल्यात, बी-श्याच्या तिरडीलाही होता. माझ्या हातातले दोन डबे पाहून ओरडला, "काय रे यू, भूक दुप्पट झाली की काय?"

ली-चिंग म्हणाली, "घरी वहिनी आहेत ना त्यांच्या!"

च्यूने माझ्याकडे पाहिलं. मी छत्री शोधायला लागलो. ती हातातच होती.

पायऱ्यांवर त्याने मला गाठलं. मला वाटलं, आता शिव्या घालील. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "वहिनींना माझा नमस्कार सांग."

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

१६ जून, बुधवार

होड्यांच्या शर्यतींचा सण. ली-चिंगने पानात बांधलेल्या चिकट भाताच्या पुरचुंड्यांचा एक घोस हातात दिला. "विकायच्या नाहीत ह्या. आजींनी खास वहिनींसाठी बांधल्यात. बोटं सुजलीत त्यांची, तरी ऐकलं नाही."

आजी! म्हणजे म्हातारी आहे कोणीतरी.

"तुझी आई का?"

"नाही हो. नवीन वर्षाच्या सुमारास आपणहून आल्या. दुकानाची पाटीसुद्धा लागली नव्हती. म्हणाल्या, मला भट्टी सांभाळायला ठेव, पण खाणावळ ह्याच गल्लीत काढणार असशील तर."

पडदा जरासा हलला. कुणीतरी बघत होतं.

घरी पुरचुंडी सोडली. आत शेंगदाणे, खारट अंड्याचा बलक, आणि ती साल. मी रडलो. ह्या म्हातारीला माझ्या बायकोचं सगळं कसं माहीत?

५ जुलै, सोमवार

विचारायचं ठरवून गेलो. विचारलं नाही. उत्तर मिळालं की हे संपेल, ही भीती.

११ ऑगस्ट, बुधवार

जुन्या पंचांगाचा सातवा महिना लागला. ह्या महिन्यात 'भूत' म्हणायचं नाही, 'भाऊमंडळी' म्हणायचं. पाताळाचं दार उघडलंय त्यांच्यासाठी. गल्लीत कागद जाळल्याचा धूर. ली-चिंग म्हणाली, "काका, ह्या महिन्यात वहिनींना एकटं ठेवू नका हो. आजारी माणसाला लवकर धरतात."

मी हो म्हटलं.

बी-श्या, यायचं तर ये. दार मीही उघडंच ठेवलंय.

२४ ऑगस्ट, मंगळवार

कसं लिहू? पण लिहिल्याशिवाय बसवत नाही.

आज खाणावळीबाहेर भाऊमंडळींसाठी टेबल मांडलं होतं. आख्खं बदक, फळं, भाताच्या पाट्या, प्रत्येक पदार्थात एकेक उदबत्ती खोचलेली. तोंडं धुवायला त्यांच्यासाठी परातीत पाणी आणि नवा टॉवेल. ली-चिंगने माझ्याही हातात उदबत्ती दिली. तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि म्हातारी बाहेर आली.

बुटकी. केस पार पांढरे, चापून बांधलेले. माझ्याहून वयाने मोठी. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमची बायको आली नाही आजही."

"तिला बरं नाही."

"जेवते नीट?"

"हो तर. आवडीने."

"माझ्या हातचं आवडीने जेवते?"

"अगदी. रोज वाट बघते डब्याची."

मला वाटलं, खूश होईल. तिचा चेहरा उतरला. टेबलाची कड धरली तिने. "आणि काही म्हणत नाही? कोणी केलंय, असं विचारत नाही?"

मी हातातली उदबत्ती सावरली.

"त्या सालीवरून तरी ओळखायला हवं होतं तिने. तिला स्टुलावर उभं करून मीच शिकवलं ते. आई अंथरुणाला खिळली होती, चूल माझ्याकडे होती. मी तिची थोरली बहीण."

"बी-श्याला बहीण नव्हती! एकुलती एक होती ती."

होती, म्हणून गेलो. तिच्या लक्षात आलं नाही.

"ती सात वर्षांची असताना मला देऊन टाकलं दुसऱ्यांच्या घरी. त्यांनी पुढे चहाघरात विकलं. तसलं चहाघर. असली बहीण कोण सांगेल सासरी?" रागाने नाही, सहज म्हणाली. "बोंग-ची नाव माझं. म्हणजे — जगतेय तर जगू दे. बापाने ठेवलेलं."

उदबत्तीची राख माझ्या हातावर पडली, चटका बसला. दर नवीन वर्षाच्या आदल्या रात्री बी-श्या एक वाडगा जास्तीचा मांडायची. मी विचारायचो, ती म्हणायची, "आईसाठी." आईसाठी नव्हता तो!

सांगायला तोंड उघडलं. पण भोवती माणसं, धूर, आणि ती म्हातारी अशी बघत होती की घरी पळून आलो.

२६ ऑगस्ट, गुरुवार

सांगितलं.

दुपारी खाणावळ रिकामी झाल्यावर मागच्या बाजूने गेलो. बांबूचे कोंब सोलत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "आक्का, बी-श्या नाही. गेली ती. पोटात गाठ निघाली, काही करता आलं नाही. मी खोटं बोललो. डबे मीच खात होतो."

सुरी थांबली.

"कधी?"

"थंडीत. नवीन वर्षाच्या तोंडावर."

"कुठल्या थंडीत?"

सांगितलं, तिसरा हिवाळा होऊन गेला.

रडल्या नाहीत. हात पुसले, भट्टी बंद केली, टांगलेली छत्री घेतली आणि मागच्या दाराने गेल्या. मी बांबूच्या सालपटांत उभा.

ली-चिंग पडद्यापाशी ऐकत होती. म्हणाली, "इतके महिने, काका? दोघांना वाढत होते हो मी!" आणि तिनेच रडायला सुरुवात केली.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

खाणावळ बंद.

२८ ऑगस्ट, शनिवार

बंद. ली-चिंग म्हणते, आजी खोलीवरही नाहीत.

पेइ-रोंगला फोनवर सगळं सांगून टाकलं. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "बाबा, म्हणजे मला मावशी आहे?"

"होती," म्हणालो. मी तिला कुठे घालवलं कोण जाणे.

३० ऑगस्ट, सोमवार

पाऊस. च्यूला घेऊन स्टेशनपर्यंत शोधून आलो. एका म्हातारीला जन्मभर मिळाली नाही ती बहीण, आणि मिळाली तीही मेलेली. वर मी, मेलेलीला जेवू घालणारा! च्यू म्हणाला, "तू मुद्दाम नाही केलंस." मुद्दामच केलं. रोज, डबा हातात घेऊन.

घरात आता तिच्या बाजूने वाफ येत नाही. आवाजही येत नाही. शोधतोय, पण नाही येत.

१ सप्टेंबर, बुधवार

सकाळी दार वाजलं. आक्का! पावसात चिंब. गाडीने तोउचंगला जाऊन आल्या होत्या, तिथल्या स्टेशनवरच्या बाकावर बसून आल्या. म्हणाल्या, त्याच बाकावर दर हिवाळ्यात बी-श्या त्यांना भेटायची. आमचं लग्न झाल्यापासून! मला सांगायची, कारखान्यातल्या मैत्रिणीकडे जाते. "माझं नाव घरात काढू नकोस, ही शपथ मीच घातली होती तिला. तिच्या दारात जाणार नाही, ही मी स्वतःला." मग एका हिवाळ्यात ती आली नाही. पुढच्यातही नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. म्हणून आक्का आमच्या गल्लीत आल्या, तिने दाखवलेल्या फोटोवरून मला ओळखलं. आणि मी सांगितलं, ती घरी आहे, आवडीने जेवते.

मला वर बघवेना. म्हटलं, "मारा मला."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. हसत होत्या. रडत होत्या आणि हसत होत्या.

"सगळा उन्हाळा मला वाटत होतं, आईबापांसारखं तिनेही मला टाकलं. टाकलं नव्हतं हो! मेली होती ती! नुसती मेली होती!"