शनिवारचा वर्ग कोणाच्या हवाली करू

मी, हेमा आनंद टिपणीस, वय ६८, निवृत्त गणित प्रशिक्षक, राहणार कोपरी, ठाणे पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पोटातल्या कॅन्सरने दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. ती पुरेल असं वाटत नाही. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. उलट कोणी लक्षच देत नाही.

१. कोपरीचं राहतं घर माझा मुलगा साकेत याला. अट एकच: पुढची पाच वर्षं दर शनिवारी तीन ते पाच बाहेरची खोली प्राथमिक शिक्षकांच्या गणिताच्या वर्गासाठी मोकळी ठेवावी. साकेत, घोडबंदर रोडला तुझं ऐसपैस घर आहे, तेव्हा कपाळाला आठ्या घालू नकोस.

२. भिंतीवरचा फळा, दशकाच्या काड्यांचे गठ्ठे आणि माझ्या सात वह्या वर्गाला. वह्यांत शिक्षकांनी विचारलेले प्रश्न आहेत. नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत.

३. प्रशिक्षणांच्या अहवालांची फाइल रद्दीत घालावी. वीस वर्षं ती प्रशिक्षणं मीच घेतली: सही, चहा, फोटो, घरी. बावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठं वाटतं आणि त्यांना ते कोणाला विचारायची सोय नाही, हे एकाही अहवालात नाही. मीही लिहिलं नाही.

४. वर्ग चालवायला माणूस नाही. अकरा जण यायचे, आता तिघं येतात. त्यातले देवराम म्हणाले, "मॅडम, मी कसा घेणार? मला स्वतःलाच दशांश आत्ता कुठे कळायला लागलेत." मी हवालदिल झाले आहे.

म्हणून वर्ग आणि कलम २ मधलं सगळं समीक्षा मितेश भोईर हिच्या हवाली. ती वागळे इस्टेटजवळच्या एका शाळेत शिकवते. नऊ वर्षांपूर्वी प्रशिक्षणात तिने उभं राहून विचारलं होतं, "मॅडम, तीनला एक चतुर्थांशाने भागलं की बारा येतात. भागून उत्तर वाढलं कसं?" मी हसले. म्हटलं, "अगं, चौथीची पोरं पण असलं विचारत नाहीत." चाळीस जण हसले. ती खाली बसली.

गेल्या महिन्यात तिला फोन केला, वर्ग घे म्हणून विनवलं. म्हणाली, "नाही जमणार मॅडम. तेव्हापासून मी माझ्या वर्गात पण कोणाला प्रश्न विचारूच देत नाही. मलाच नाही आलं तर?"

५. वकील म्हणतात, या कलमाला कायद्यात जागा नाही. तरी राहू द्या. साकेतने हे तिला स्वतः नेऊन द्यावं.

समीक्षा, त्या दिवशी मलाही उत्तर येत नव्हतं. म्हणून हसले. घरी येऊन तीन लिटर पाणी पाव लिटरच्या मापाने मोजलं. बारा मापं भरली तेव्हा कळलं, आणि ओट्याशी उभी राहून रडले. पुढच्याच शनिवारी वर्ग सुरू केला, पण तुला सांगायची हिंमत झाली नाही. लाज वाटली.

वर्ग नको असेल तर घेऊ नकोस. फळा भंगारात दे. पण तुझ्या पोरांना विचारू दे गं. तुला नाही आलं तर सांग त्यांना, मला येत नाही.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून सही केली.

हेमा आनंद टिपणीस

साक्षीदार:
१. देवराम पष्टे, शिक्षक, कल्याण
२. डॉ. ऐश्वर्या चौबळ, ठाणे

स्थळ: कोपरी, ठाणे
दिनांक: ९ ऑगस्ट २०२५