अण्णांची विहीर

२ ऑगस्ट १९८३

प्रिय शरद,

तुझं पाकीट मागच्या मंगळवारी मिळालं. पत्त्यावर तू अजून 'जिल्हा उस्मानाबाद' लिहितोस, म्हणून ते आधी तिकडची हवा खाऊन मग आलं. आपण लातूर जिल्ह्यात आलो त्याला आता वर्ष होईल. रात्री एका जिल्ह्यात झोपलो आणि सकाळी त्याच बाजेवर दुसऱ्या जिल्ह्यात उठलो, एवढाच काय तो फरक. जिल्ह्याच्या या पहिल्या वाढदिवसाच्या स्मरणिकेचा तू संपादक झालास हे वाचलं. अभिनंदन. "ताई, तिथं राहणं कसं असतं ते चार पानांत लिही, पुण्याच्या वाचकाला आपल्या मातीचा वास आला पाहिजे," असं तू लिहितोस. माती हवी तर ये आणि घेऊन जा. इथे ती नाकात असते, कानात असते, झाकून ठेवलेल्या भातातसुद्धा असते. वासाचं म्हणशील तर इथल्या माणसाला तो कधीच येत नाही. तो यायला पुण्यात घर लागतं.

तर राहणं असं असतं. निलंग्याची एसटी सकाळी सातला येते, नाहीतर दहाला, नाहीतर येत नाही. गावातले निम्मे बाप्ये सहापासून थांब्यावरच्या कडुलिंबाखाली बसलेले असतात. त्यांना कुठे जायचं नसतं. कोण जातंय, कशाला जातंय आणि हातात पिशवी कुणाची आहे, हे बघायचं असतं. माझी शाळा तुला आठवते तशीच आहे, दोन खोल्या आणि चार वर्ग. पत्र्यांना भोकं पडलीत, पण पाऊसच नाही तर गळणार काय, म्हणून तक्रार कुणी करत नाही. नवा जिल्हा झाला तेव्हा पाटी रंगवायला निलंग्याहून पेंटर आला. त्याने 'उस्माना'वर 'लातूर' लिहिलं, आणि रंग संपला म्हणून निघून गेला. पुढचं 'बाद' तसंच राहिलं. वर्षभर माझी पोरं 'लातूरबाद जिल्हा' असं घोकतात. साहेब तपासणीला आले तेव्हा त्याच पाटीखाली हार घालून घेऊन गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

सरपंच शरणप्पा आता जाडा झालाय. जिल्हा झाला त्या दिवशी त्याने पेढे वाटले, बेंजो लावला आणि घरोघरी नळ येईल असं सांगितलं. महिन्याभरात चावडीसमोर एक नळाचा खांब रोवला गेला, त्याला झेंडूची माळ घातली गेली. तोटीतून आजवर थेंब आलेला नाही. शेळी बांधायला मात्र बरा आहे, खांब पक्का आहे. यंदाही पावसाने पाठ फिरवली आहे. मूग वाळून गेले. आठवड्यातून दोनदा टँकर येतो. टँकर आला की हेच गाव, ज्याच्या एकोप्याचं तू इतक्या गोड शब्दांत वर्णन केलंयस, एकमेकांच्या घागरी लाथेने उडवतं. आणि सगळ्यांचं भरून झाल्यावर बौद्धवाड्याच्या बायकांना पाइपातलं उरलंसुरलं मिळतं.

हॉटेलातला रेडिओ अजून आहे. त्यावर कुणाचं समतेचं भाषण लागलं की मालक आवाज मोठा करतो. बौद्धवाड्यातल्या माणसांचे कप बाहेरच्या कोनाड्यात असतात, ते ज्याचे त्याने विसळायचे. मी त्या हॉटेलावरून रोज दोनदा जाते. आजवर एक शब्द बोललेले नाही. मी या गावाला नावं ठेवतेय तेव्हा स्वतःला बाजूला काढून ठेवतेय असं समजू नकोस. मी याच गावचा नमुना आहे, आणि चांगला जपलेला.

आता तुझ्या लेखाकडे येते. 'तपासून, खाली सही करून पाठव,' म्हणून तू जो जोडला आहेस तो. मी तो तीनदा वाचला. भाषा सुरेख आहे. बहात्तरच्या दुष्काळात सगळा मुलूख करपत असताना आपल्या मळ्यातली विहीर तेवढी जिवंत होती, हे खरं आहे. "माझ्या वडिलांनी जातपात न बघता तिचं फाटक उघडलं," हे तू कुठून आणलंस? तो फोटो बघून? अण्णा तहसीलदारांच्या हातात किल्ली देताहेत, गळ्यात हार आहे, तो? शरद, तू तेव्हा पुण्याला शिकत होतास हे मला मान्य आहे. पण त्र्याहत्तरच्या मे महिन्यात तू सुट्टीला आला होतास. रोज दोन बादल्या पाण्याने अंघोळ करायचास आणि ओसरीवर बसून आम्हाला समाजवाद सांगायचास. ते पाणी कुठून येतं, हे तू एकदाही विचारलं नाहीस.

तू येण्याआधी काय झालं ते आज लिहिते. अण्णांची चाळीस मोसंबीची झाडं होती, ते तुला माहीत आहे. ती जगवायची म्हणून त्यांनी संक्रांतीनंतर विहिरीच्या पायऱ्यांच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप लावलं. घरच्यापुरतं आणि झाडांपुरतं पाणी, बाकी कुणाला नाही. गावातल्या चार बड्या घरांना मागच्या बाजूने द्यायचे, त्याची वाच्यता नव्हती. गाव खडी फोडायला जात होतं, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होतं. माझ्या शाळेत पोरं सरकारी सुकडीच्या खाऊसाठी येत होती. त्यात पंचफुलाची मुलगीही होती. पंचफुला तुला आठवत नसेल. बौद्धवाड्यातली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, नवऱ्याचं नाव मारोती. दोघंही खडीवर जायची. बौद्धवाड्यातला आड फाल्गुनातच आटला. मग मारोतीने तेरणेच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा केला. रोज थोडा खोल, रोज थोडा खोल. दोन पुरुष खोल गेला तेव्हा वाटीवाटीने पाणी यायचं.

चैत्रातली गोष्ट. सकाळी मी मळ्यात होते. पंचफुला रिकामी घागर घेऊन आली. फाटकाच्या अलीकडे उभी राहिली. मुलीला हगवण लागली होती. म्हणाली, "बाई, झिऱ्याचं पानी लई गढूळ यायलंय. लेकरापुरती एक घागर द्या. आजच्याला झिऱ्यात उतरू नका म्हनून मी आमच्या मालकास्नी थांबवून आले, वाळू ढासळायलीय." अण्णा निलंग्याला गेले होते. मी म्हणाले, "किल्ली अण्णांजवळ आहे, आणि अण्णा गावात नाहीत." ती "बरं" म्हणाली. मी वळले आणि मोसंबीच्या आळ्यांकडे निघून गेले. शरद, किल्ली माझ्या कमरेला होती. अण्णा ती नेहमी माझ्याकडेच ठेवून जायचे.

मी का खोटं बोलले, ते दहा वर्षं शोधतेय. अण्णांची भीती होती, ते एक. एकीला दिलं तर सगळा वाडा येईल, हे दुसरं. पण तिसरं असं की त्या घटकेला मला काही विशेष वाटलंच नाही. माशी हाकलावी तसं ते वाक्य माझ्या तोंडातून गेलं. मला त्याचीच जास्त किळस येते.

पंचफुला मोकळी घागर घेऊन परत गेली. मुलगी तहानेने रडत होती म्हणून मारोती झिऱ्यात उतरला. वाळूची कड त्याच्या अंगावर आली. लोकांनी हातांनी उकरलं, ताटांनी उकरलं, त्याला बाहेर काढायला दुपार झाली. तो गेला होता. मुलगी वाचली. चौथ्या दिवशी तहसीलदार जीप घेऊन आले आणि विहीर सरकारने ताब्यात घेतल्याचा हुकूम अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी आरडाओरडा केला, मग शरणप्पाने त्यांना समजावलं की हुकूम टळणार नाही, निदान मान तरी घ्या. हार आणला, फोटोग्राफर बोलावला. तुझ्या लेखात ज्याला तू 'एका साध्या माणसाचा मोठा क्षण' म्हटलं आहेस, तो हा. आणि ती मोसंबी पाचव्या वर्षी रोग पडून वाळली. आम्ही तिचं सरपण केलं.

गाव काय म्हणालं ते ऐकायचंय? गाव म्हणालं, मारोती वेडाच, एवढा खोल कशाला गेला. दोन महिन्यांत विसरलं. त्या साली पाऊस झाला आणि सगळ्यांनी नव्या बैलांच्या शिंगांना रंग दिला.

जूनमध्ये माझ्या पगारनिश्चितीच्या कागदासाठी लातूरला गेले होते. नव्या कचेऱ्या बघाव्यात अशाच आहेत. दारावर पाट्या नव्या, आत टेबलं नवी, आणि काम जुनंच, 'उद्या या'. उन्हातून गेले, बाकावर बसले, घेरी आली. कुणीतरी समोर पाण्याचा ग्लास धरला. निळी साडी, खांद्याला बिल्ला. पंचफुला. मारोती गेल्यावर तिने खडी फोडली, माझ्याच शाळेत येऊन बाहेरून चौथी दिली, आणि नव्या जिल्ह्याच्या भरतीत तिला शिपायाची नोकरी लागली, हे मला माहीत होतं. अर्ज मीच भरून दिला होता. त्याने माझं मन शांत होईल असं मला वाटलं होतं. आता सगळ्या साहेबांच्या टेबलांवर पाणी तीच ठेवते. "लई उन्हाचं आलाव बाई, प्या," म्हणाली. मी प्याले. आणि ग्लास खाली ठेवता ठेवता, त्या गर्दीत, फायली घेऊन माणसं जात-येत असताना, मी तिला सांगितलं की त्या दिवशी किल्ली माझ्याजवळ होती.

तिने ग्लास उचलला. म्हणाली, "ठावं हाय मला. तुमी वळलाव तवा वाजली व्हती." मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? तर म्हणाली, "काय बोलू? तुमी न्हाई म्हनलाव. मला वाटलं, बाई माघारी येतील. लई येळ थांबले बगा." एवढं बोलून ती आत गेली, कारण घंटी वाजली होती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी दोन तास त्या बाकावर बसून राहिले. ती बाहेर आली तेव्हा माझा कागद सही होऊन तिच्या हातात होता.

तुझा लेख परत पाठवतेय. खाली सही केलेली नाही. शरणप्पा परवा घरी येऊन सांगून गेला, सोळा ऑगस्टला विहिरीवर अण्णांच्या नावाची पाटी बसणार आहे, 'दुष्काळात ही विहीर सर्वांसाठी खुली करणारे' अशी. तू आणि सौदामिनी मोटारीने येणार, तू अध्यक्ष, आणि पाटीवरचा पडदा मी ओढायचा. मी येते म्हणाले आहे. पडदा ओढणार नाही, पण चार शब्द बोलणार आहे, आणि ते चार शब्द वर लिहिले आहेत तेच असतील, किल्लीसकट. तू माझा भाऊ आहेस, ते तुला मांडवात गावाबरोबर ऐकायला लागू नये, म्हणून हे पत्र. मागच्या रविवारी पंचफुलाकडे जाऊन मी तिची परवानगी मागितली. ती म्हणाली, माझं नाव घेऊ नका, मला नोकरी करायचीय, पण त्यांचं घ्या, आणि पुरं घ्या. मारोती ग्यानोबा सूर्यवंशी. दहा वर्षं मी त्याला नुसता 'मारोती' म्हणत होते, शरद, मला त्याच्या बापाचं नावही माहीत नव्हतं. आता हे सगळं ठाऊक असताना यायचं असेल तर ये. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवलेली आहे. नाही आलास तरी मी बोलणार आहे.

सौदामिनीला आशीर्वाद.

जशी आहे तशी, तुझीच
प्रेमलाताई