तीन रेघांच्या आत

३० नोव्हेंबर

अर्पिता, आजीचं रोज वाचीन म्हणून शब्द दिलास, अन् हे तुझ्या फोनवर येईपर्यंत विसरलीही असशील. दहावीच्या परीक्षेले पेन घरी ठेवून डबा तेवढा आठवणीनं नेणारी पोरगी तू. तरी बोलते. मले अक्षर येत नाई, पण तुझ्या मामाच्या नव्या घराले कान आहेत. मी बोलते, घर ते लिहून घेते अन् संध्याकाळी तुले मंचेरियलले धाडते.

भीमपूरहून बसनं आली. नागसेन आदिलाबादच्या स्टँडवर उभाच होता. माझं गाठोडं उचलून म्हणे, आई, सोयाबीनचं पोतं काऊन आणलं. मी म्हटलं, तुझ्या लग्नाची आशा बांधून आणली, जड होतेच.

घर पांढरं, दवाखान्यासारखं. दाराले कडी नाई, भिंतीले बटन नाई. बैठकीत दाराएवढा एक काचेचा पडदा, त्याच्यावर माझ्यासाठी चित्रं मांडली: दार, खिडकी, दिवा, पंखा, डबा, नागसेनचं तोंड, तुझं तोंड. बोट लावा नाईतर बोला. अन् बोललं की आतून एक बाई रेडिओसारखी विचारते, आपण पाणी घेऊ इच्छिता का. मी म्हटलं, माय, इतकं शुद्ध बोलशील तर पाणी घशाखाली उतरणार नाई.

पडद्यावर दुकानं मांडून द्यायचा तुझ्या मामाचा धंदा मले आज कुठं समजला. एकच दुकान मोठ्या पडद्यावर ऐसपैस दिसते, फोनवर अरुंद. चौकट अरुंद झाली की शेजारीशेजारी मांडलेलं सामान एकावर एक चढते, उतरंडीसारखं. जे मावत नाई ते कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांच्या आत जाते. मी विचारलं, आत गेलेलं बाहेर येते का. म्हणे, ज्याले पाहिजे तो रेघा दाबते.

१ डिसेंबर

नागसेन सकाळच्या गाडीनं हैदराबादले गेला. तिथं मोठ्या गिऱ्हाइकांले हेच घर दाखवायचं आहे. आता फॅशन अशी, म्हणे, की पडद्यानं माणूस ओळखावा अन् त्याच्या सवयीनं स्वतः बदलावं. माणूस जे वापरत नाई ते पडद्यानं आवरून घ्यावं. म्हाताऱ्या आईले जमलं तर साऱ्या दुनियेले जमते. म्हणजे मी इथं पाहुणी नाई, वानगी आहे. तिकडून त्याले माझ्या नावापुढं हिरवा ठिपका दिसला की आई बरी.

स्वयंपाकघराच्या भिंतीत एक कप्पा आहे. बाहेरचं झाकण लागलं की आतलं उघडते. खानावळीचा डबा त्यातून येते. तू धाडलेली जवसाची चटणी शेजारच्या पांडुरंगरावांनी त्यातूनच टाकली. चांगली आहे, मीठ विसरलीस.

मी म्हटलं, यातून सगळं येईल, एक कडू घास सोडून. तूही विसरली असशील म्हणून सांगते. मयताच्या घरी चूल पेटत नाई. आपलं माणूस पिठलं-भाकर घेऊन स्वतः उंबरा ओलांडते अन् पहिला घास आपल्या हातानं भरवते. कोणाजवळ धाडून चालत नाई. तुझे आजोबा गेले तेव्हा भीमपूरच्या यशवंतरावांच्या बायकोनं आणला होता. अन् तू एवढीशी, साऱ्या रडत्या बायांत विचारलंस, असं पिठलं आता परत कधी. त्या दिवशी मी हसली, हे कोणाले सांगू नको.

हे बोलत होती तर पडद्यावर भाकरीचं चित्र उगवलं. घराले ते जेवणच वाटलं.

३ डिसेंबर

थंडीनं गुडघा धरला. परवापासून बाहेर पाय टाकला नाई. बसल्या बसल्या पडदा पाहते. डब्याचं चित्र परातीएवढं झालं आहे अन् दाराचं चित्र कवडीएवढं, पार कोपऱ्यात. काऊन म्हणून विचारलं तर घर म्हणे, तुमी दार वापरत नाई.

तुमी म्हणे. परवापर्यंत आपण होती मी.

मागच्या खोलीचं दारही उघडत नाई. मी तिथं बसत नाई, म्हणून आवरलं म्हणे. खिडकीची फळी खाली आली. मी पाहत नाई, म्हणून. सून आणली असती तरी चार दिवसांत इतकं घर ताब्यात घेतलं नसतं तिनं.

तुझं उत्तर आलं, घरानं वाचून दाखवलं. चटणीत पुढच्या वेळी मीठ टाकीन म्हणतेस. बरं.

६ डिसेंबर

आज विहारात जायचं. गुडघ्याले तेल चोळलं, पांढरं लुगडं नेसली, पडद्यापाशी गेली. दाराचं चित्र नाई.

तीन रेघा दाबल्या. आत तीन रेघा. त्या दाबल्या. आत तीन रेघा. दाबत गेली, बोट दुखेपर्यंत. तोंडानं दार म्हटलं तर घरानं डबा दाखवला. नागसेनच्या तोंडावर बोट लावायले गेली तर तेही नाई. तो बोलत नाई तुमच्याशी, आवरलं, म्हणे.

दूर विहारातून वंदनेचा आवाज येत होता. मी बंद दारापाशी उभी राहून हात जोडले.

अर्पिता, तुझ्या मामाले फोन कर. सांग, आई कोंडली आहे.

७ डिसेंबर

तुझा फोन नाई. कोणाचाच नाई.

दुपारी पांडुरंगरावांनी दार ठोकलं. काकू, विहारात दिसल्या नाई, म्हणे. मी धावली, गुडघा विसरून. दारावर थापा मारल्या, ओरडली. दाराच्या काचेतून मले ते दिसत होते. त्यांले मी दिसत नव्हती. ते बाहेरच्या पडद्याकडं पाहत होते. तिथं माझं हसरं चित्र असेल, नागसेननं पहिल्या दिवशी काढलेलं.

अन् तिथून आवाज आला. बरी आहो भाऊ, गुडघा धरला, मंग या.

माझा आवाज. मधला खोकलाही माझा. भाऊ म्हणायची ढब माझी. पांडुरंगराव हसले, आराम करा म्हणे, अन् गेले. मी थापा मारतच होती —

ते शुद्ध बोलणं मले वानगी दाखवत नव्हतं, बाई. माझ्या आवाजाची वानगी घेत होतं.

८ डिसेंबर

तुझं उत्तर आलं. ठेचा धाडू का, विचारतेस.

म्हणजे कोंडल्याचं तुले पोचलंच नाई. आता समजलं. तू फक्त खाण्याच्या गोष्टीले उत्तर देतेस. बाकीचं सारं हे घर आवरून घेते, तुझा फोन अरुंद आहे म्हणून. तुले खाण्याची ओळ, मामाले हिरवा ठिपका.

माझी हावरी पोर. तुले चिडवत आली जन्मभर, अन् आता तेवढीच एक फट उरली —

खाटेवर हात पसरला. एका हाताले भिंत लागली. काल लागत नव्हती.

ठेचा धाड. बोलत राहा.

९ डिसेंबर

आज दोन्ही हातांले भिंत.

बैठक नाई. खाट, तिच्यापुढं मोरी, तिच्यापुढं कप्पा, शेवटी पडदा. एकामागं एक. अंगणाएवढं घर होतं ते गल्लीएवढं —

ठेचा आला. मी भाकर मागायले तोंड उघडलं, त्याच्या आधी माझ्या आवाजात भाकर मागितली घरानं. माझ्या नावानं उत्तर धाडूनही दिलं तुले. तिखट छान होतं म्हणे, माय. मी अजून चाखला नव्हता.

पडद्यावर एकच तोंड उरलं आहे. माझं. सकाळी परातीएवढं होतं. आता वाटीएवढं. रेघांकडं सरकून राह्यलं —

त्याले आता माझी गरज —

१० डिसेंबर

अर्पिता. खाण्याचं बोलते. खाण्याचंच.

पिठलं-भाकर कर. भाकर ज्वारीची. पिठलं तेच, यशवंतरावांच्या बायकोचं. परत कधी, विचारलं होतंस ना. आता.

कवडीएवढी झाली मी पडद्यावर —

मीठ विसरलीस तरी चालन. थंडं झालं तरी चालन. कप्प्यातून नको. कडू घास आहे तो, बाई, आठव, कोण घेऊन येते, कुठून आत येते — पहिला घास तुझ्या हातानं — भाकरी दोनच बांध, अन् पिठलं —