मागचा बाक

नागपूर,
११ डिसेंबर १९७३

तीर्थरूप बाबांस शामलाचा प्रेमपूर्वक सलाम.

तुमचं कार्ड पोचलं. आईचा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. इथे थंडी पडली आहे. अध्यापिका विद्यालयाची चाचणी झाली, गणिताचा पेपर बरा गेला. मी वेळेवर जेवते.

हे शेवटचं वाक्य पूर्ण खरं नाही. तुम्ही घरी पाटीवर शिकवत होतात तेव्हा खाडाखोड चालत नसे, म्हणून ते तसंच ठेवते. वर्षभर मला भूकच लागत नव्हती. आता लागते.

रुपरावकाका लुगड्यांचे गठ्ठे घेऊन इथे इतवारीच्या बाजारात येतील, त्यांच्याबरोबरच नाताळाला घरी खाप्याला यावं, असं तुम्ही लिहिलं आहे. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी चर्चचं सांगते.

इथे प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. काही पाप घडलं म्हणून मंडळीने ज्यांना शिस्तीखाली ठेवलं आहे ते मागच्या बाकावर बसतात. भाकरीचं ताट त्यांच्यापुढून तसंच निघून जातं. मी आल्यापासून त्या बाकावर बसत होते. मला कोणी बसवलं नव्हतं. मनात कोणाबद्दल अढी असेल तर समेट केल्याशिवाय प्रभूच्या मेजाला हात लावू नये, ही तुमची शिकवण. माझ्या मनात अढी होती. रोज प्रार्थनेत मी क्षमेचे शब्द म्हणत असे, आणि ते खोटे आहेत हे म्हणतानाच कळत असे.

वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी गोपिका एकदा म्हणाली, "काय वं, कोनासंगं पळून गेली होतीस?" मी हसले. हसणं सोपं होतं.

मग जिजाबाई माझ्या शेजारी येऊन बसू लागल्या. घरोघर पवित्र शास्त्र वाचून दाखवणाऱ्या या म्हाताऱ्या बाई. प्रभुभोजनाचे लहान पेले धुण्याचं कामही त्यांचंच. त्यांनीही ताट पुढे जाऊ दिलं.

"बाई, तुमचं काय चुकलं?" मी विचारलं.

"तू तुझं सांग, मंग मी माझं आठवीन."

पावसाळाभर त्या तशाच बसल्या. लोक त्यांच्याबद्दलही कुजबुजले. त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही.

मागच्या महिन्यात पेले पुसता पुसता मी त्यांना सांगितलं. तेच आता तुम्हाला लिहिते. गेल्या वर्षी तुम्ही आणि आई पांढुर्ण्याला लग्नाला गेलात आणि माझ्यावर लक्ष ठेवायला रुपरावकाकांना सांगितलंत. त्यांनी माझ्यावर बलात्कार केला. आपल्याच घरात, मागच्या खोलीत, जिथे मी पाढे शिकले. हा शब्द मी आधी पेन्सिलीने लिहून पाहिला.

मला वाटलं, जिजाबाई रडतील किंवा प्रार्थना करतील. त्यांनी फडकं खाली ठेवलं. म्हणाल्या, "पोरी, तो बाक त्याचा होता. तू त्याच्या जागेवर बसून राहिली."

"पण मी क्षमा केलेली नाही."

"त्याचं देव पाहून घेईन. तुले भूक हाय का, तेवढं सांग."

या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांनी मला हाताला धरून पुढे नेलं. पुढचा बाक भरला होता. बायका काही न विचारता सरकल्या. पाळकांच्या पत्नी शोभाताईंनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी भाकर घेतली, पेला घेतला. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. पेल्याच्या काठाला फडक्याचा धागा चिकटला होता, तेवढा दिसला. पण वसतिगृहात आल्यावर मी वरण-भात दोनदा मागून घेतला. गोपिका म्हणाली, "हळू वं, पातेलं तरी ठेव."

बाबा, मी रुपरावकाकांबरोबर येणार नाही. जिजाबाई आणि शोभाताई मला घेऊन येतील. नाताळाच्या उपासनेत काका दरवर्षीसारखे तुमच्या शेजारी बसलेले दिसले, तर आम्ही तिघी दारातूनच परत फिरू. इथे बाकावर माझी जागा आहे.

आईला वाचता येत नाही. हे पत्र तिला वाचून दाखवाल तेव्हा एकही ओळ गाळू नका.

नेहमी इथे मी 'आपली आज्ञाधारक' असं लिहिते.

आपली मुलगी,
शामला